भावंडं वेगळी का निघतात: जनुकीय विविधतेच्या दोन वाटा

प्रश्न असा आला आहे: "पुस्तकात लिहिलेलं असतं की सजीवांमधली विविधता उत्परिवर्तनामुळे निर्माण होते. त्याच पानावर असंही असतं की उत्परिवर्तन फार क्वचित घडतं. मग एकाच आईबापांची भावंडं एकमेकांपेक्षा इतकी वेगळी कशी? आणि गरज पडली की सजीव आपल्यात हवा तो बदल घडवून आणतो, हे खरं आहे का?"

मी पीक पैदासकार आहे. तीस वर्षं माझं काम एकच: रोपांच्या रांगांमधून फिरायचं आणि शेजारच्यापेक्षा वेगळं रोप हेरायचं. सगळी रोपं सारखी निघाली तर माझ्या हाताला कामच उरत नाही, कारण निवडायचं कशातून? त्यामुळे वेगळेपणा येतो कुठून, हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे आणि त्याचं उत्तर जरा ऐसपैस द्यावंसं वाटतं.

आधी एक फोड करून घेऊ, कारण सगळा घोळ तिथेच आहे. 'विविधता' या एका शब्दात दोन निरनिराळ्या घटना कोंबल्या जातात. एक म्हणजे डीएनएमध्ये पूर्वी कधीच नसलेला मजकूर तयार होणं. दुसरी म्हणजे असलेल्याच मजकुराची नवी जुळणी होणं. पहिलीला उत्परिवर्तन म्हणतात आणि ती खरोखरच क्वचित घडते. दुसरी दर पिढीला, लैंगिक प्रजनन करणाऱ्या प्रत्येक जिवात, घाऊक प्रमाणात घडते. भावंडांमधला फरक जवळजवळ सगळाच दुसऱ्या वाटेने येतो. पण तिथे पिसले जाणारे पत्ते पहिल्या वाटेनेच, लाखो वर्षांत एकेक करून, जमा झालेले असतात. पुस्तकातली दोन्ही वाक्यं बरोबर आहेत, फक्त त्यांच्या मधला हा दुवा गाळलेला असतो.

आता पहिली वाट. डीएनए चार अक्षरांत लिहिलेला असतो: ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन. त्याचे धागे दोन, आणि त्यांत ॲडेनिनसमोर थायमिन, ग्वानिनसमोर सायटोसिन अशी जोडी जुळते. माणसाच्या गुणसूत्रांच्या एका संचात अशी सुमारे ३१० कोटी अक्षरं असतात आणि प्रत्येक पेशीत असे दोन संच. पेशी दुभंगण्याआधी हा सगळा मजकूर उतरवून काढावा लागतो. नक्कल करणारं एन्झाइम, म्हणजे डीएनए पॉलिमरेज, पहिल्या हाताला साधारण लाख अक्षरांमागे एक चूक करतं. एवढ्यावरच थांबलं असतं तर एका पेशीविभाजनात हजारो चुका झाल्या असत्या. पण चुकीचं अक्षर बसलं की जोडी नीट जुळत नाही, एन्झाइम अडखळतं, एक पाऊल मागे येतं, ते अक्षर कापून टाकतं आणि पुन्हा लिहितं. त्यातूनही जे सुटतं त्याच्या मागे दुरुस्तीची दुसरी तुकडी फिरत असते. ती नव्या धाग्यावरची बेमेळ जोडी शोधते आणि तेवढा तुकडाच बदलून टाकते. या तिन्ही पायऱ्या पार करून टिकणारी चूक शंभर कोटी अक्षरांमागे एखादी, बऱ्याचदा त्याहूनही कमी.

एवढी राखण असताना चूक सुटतेच कशी? एक कारण खुद्द अक्षरांच्या रसायनात आहे. या रेणूंमधला हायड्रोजनचा अणू क्षणभर जागा बदलतो आणि त्या क्षणी ॲडेनिनची जोडी थायमिनऐवजी सायटोसिनशी जमू शकते. डीएनएची रचना मांडली तेव्हाच, १९५३ साली, वॉटसन आणि क्रिक यांनी ही शक्यता बोलून दाखवली होती. जुन्या पोथ्यांच्या शेवटी नक्कल करणारा लिहून ठेवत असे, 'यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया', जसं पाहिलं तसं मी लिहिलं. पेशीचं वागणं असंच असतं. चूक एकदा दुरुस्तीतून निसटली आणि पुढच्या नकलेत उतरली की दोन्ही धाग्यांवर ती नीट जुळलेली दिसते. तिला चूक म्हणायला पुरावा उरत नाही. यापुढे तोच मूळ मजकूर.

नक्कल चालू नसतानाही डीएनए झिजत असतो, आणि याचं मोठं कारण चक्क पाणी आहे. मला हा भाग सगळ्यात विलक्षण वाटतो. आपल्या प्रत्येक पेशीत दररोज सुमारे दहा हजार ॲडेनिन आणि ग्वानिन आपल्या जागेवरून गळून पडतात. सायटोसिनची तर पाण्याशी थेट अभिक्रिया होते, त्याचा अमिनो गट निघून जातो आणि त्याचं युरॅसिल होतं. असं एका पेशीत दिवसाला शंभराच्या घरात घडतं. थॉमस लिंडाल यांनी हे मोजलं आणि एवढी पडझड होत असेल तर ती भरून काढणारी यंत्रणा असलीच पाहिजे, या तर्काने ती शोधून काढली. २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँकार यांच्यासोबत मिळालं.

इथे एक बारकावा पाहा. युरॅसिल हे डीएनएचं अक्षरच नाही, ते आरएनएचं. त्यामुळे डीएनएमध्ये ते दिसलं की परकं म्हणून लगेच ओळखलं जातं आणि काढून टाकलं जातं. पण आपल्या डीएनएमध्ये काही सायटोसिनांवर मिथाइल गटाची खूण लावलेली असते, बहुधा जिथे सायटोसिनच्या पुढे ग्वानिन येतो तिथे. अशा खूण लावलेल्या सायटोसिनचा अमिनो गट गेला की युरॅसिल होत नाही, थेट थायमिन होतं. थायमिन हे डीएनएचं अधिकृत अक्षर. दुरुस्ती करणाऱ्यांनी ओळखायचं कसं, की समोरचा ग्वानिन चुकीचा की हा थायमिन? म्हणून या जागा इतर जागांच्या दहापटीने किंवा त्याहूनही जास्त वेगाने बदलतात. याचा परिणाम सगळ्या मजकुरावर दिसतो. सायटोसिन-ग्वानिन ही जोडअक्षरं माणसाच्या डीएनएमध्ये जितकी अपेक्षित, त्याच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतकीच उरली आहेत. तेव्हा उत्परिवर्तन 'यादृच्छिक' असतं म्हणजे सगळ्या जागी सारखंच असतं असा अर्थ घेऊ नका. कुठे घडेल याला कल असतो. ते त्या जिवाला उपयोगी पडेल की नाही, याच्याशी मात्र त्याचं देणंघेणं नसतं. हा फरक पुढे पुन्हा लागणार आहे.

बाहेरून येणारे घाव तुम्हाला ठाऊक असतील. अतिनील किरणांनी शेजारशेजारचे दोन थायमिन एकमेकांना चिकटतात. क्ष-किरण आणि गॅमा किरण धागाच तोडतात. क्ष-किरणांनी फळमाश्यांमध्ये उत्परिवर्तनं घडवता येतात हे हर्मन मुलर यांनी १९२७ मध्ये दाखवलं, आणि लगेच पुढच्या वर्षी लुईस स्टॅडलर यांनी सातू आणि मक्यात. आमच्या धंद्यात तेव्हापासून हे साधन आलं.

मी स्वतः गॅमा किरण दिलेल्या बियाण्याच्या कित्येक पिढ्या वाढवल्या आहेत. पहिली पिढी, जिला आम्ही एम-१ म्हणतो, ती नवख्याची निराशा करते. रोपं खुरटी, अर्धी वांझ, पण नवा गुण असा काही दिसत नाही. कारण बदल झालेला असतो दोनपैकी एकाच प्रतीत, आणि दुसरी चांगली प्रत त्याला झाकून ठेवते. स्वपरागीकरण होऊन एम-२ उगवली की दोन्ही बिघडलेल्या प्रती एकाच रोपात भेटतात. तेव्हा वाफ्यात हिरव्या रोपांमध्ये मधूनच पांढरीशुभ्र रोपं दिसू लागतात. हरितद्रव्य बनवणारं एखादं जनुक मोडलेलं असतं. बियाण्यातली शिदोरी संपेपर्यंत, साधारण दोन आठवडे, ती तग धरतात आणि मग कोसळतात. ही पांढरी रोपं आम्ही मोजतो, कारण किरणांची मात्रा लागू पडली की नाही हे त्यावरून कळतं. कामाचा बदल, म्हणजे बुटकं खोड किंवा लवकर पक्व होणं, हजारो रोपांत एखाद्यात सापडतो. मोडणं सोपं, सुधारणं अवघड, हे मी आकडेवारीत वाचायच्या आधी त्या वाफ्यांत पाहिलं.

पण यावरून प्रत्येक उत्परिवर्तन घातक असतं असा निष्कर्ष काढू नका. बहुतेकांचा काहीच परिणाम होत नाही. माणसाच्या डीएनएचा जेमतेम दीड टक्का भाग प्रथिनांचा आराखडा सांगतो, आणि तिथेही एका अमिनो आम्लासाठी अनेक पर्यायी शब्द असल्यामुळे कित्येक बदल मुके राहतात. आणि ज्यांचा परिणाम होतो त्यांचा निवाडा परिस्थिती करते. सिकलसेलचं उदाहरण घ्या. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात एका ॲडेनिनच्या जागी थायमिन आला. त्यामुळे साखळीतलं सहावं अमिनो आम्ल ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलिन झालं. व्हर्नन इनग्राम यांनी हा बदल १९५६-५७ मध्ये शोधला. दोन्ही प्रती अशा असतील तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि आयुष्यभराचा गंभीर आजार होतो. एकच प्रत असेल तर तीव्र मलेरियापासून चांगलं संरक्षण मिळतं. मलेरियाच्या मुलखांत हे अक्षर टिकून राहिलं ते यामुळेच.

किती नवी अक्षरं घेऊन आपण जन्माला येतो? आई, वडील आणि मूल अशा तिघांचाही डीएनए वाचून हे मोजता येतं. उत्तर निघतं साधारण ६० ते ७०. म्हणजे आई किंवा वडील यांच्यापैकी कोणाकडेही नसलेली सत्तरेक अक्षरं, ६०० कोटींहून अधिक अक्षरांमध्ये. यातली सुमारे तीन चतुर्थांश वडिलांकडून येतात, कारण शुक्राणू तयार करणाऱ्या पेशी आयुष्यभर दुभंगत राहतात, तर अंडपेशींपुरती नक्कल मुलगी जन्मण्याआधीच उरकलेली असते. वडिलांच्या वयाच्या दर वर्षामागे मुलात एक-दोन बदल जास्त येतात, हे आइसलँडमधल्या कुटुंबांच्या २०१२ मधल्या अभ्यासातून ठळकपणे पुढे आलं. त्वचेच्या किंवा यकृताच्या पेशींतही बदल होत असतात, पण ते त्या व्यक्तीबरोबर संपतात. प्राण्यांत पुढच्या पिढीत जातं ते फक्त जननपेशींतलं.

एक-एक अक्षराच्या बदलांवरच विसंबलो असतो तर मोठं काही घडायला फार वेळ लागला असता. डीएनएमध्ये याहून ठोक बदलही होतात. एकच लहान तुकडा लागोपाठ अनेकदा येत असेल तर नक्कल करताना एन्झाइम घसरतं आणि एखादी पुनरावृत्ती कमी-जास्त होते, ओळी वाचताना एकसारख्या शब्दांवर बोट घसरावं तसं. गुणसूत्राचा तुकडा उलटा बसतो, गळतो किंवा दुसऱ्याच गुणसूत्राला जाऊन चिकटतो. माझ्या मते या सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे जनुकाची दुबार प्रत होणं. सुसुमु ओहनो यांनी १९७० मध्ये यावर फार जोर दिला. एका जनुकाच्या दोन प्रती झाल्या की एक जुनं काम सांभाळते आणि दुसरीला चुकायची मोकळीक मिळते. आपले लाल आणि हिरवा रंग ओळखणारे दोन प्रथिन-रेणू असेच एका जनुकापासून वेगळे झाले. ती दोन जनुकं आजही एक्स गुणसूत्रावर शेजारीशेजारी बसलेली आहेत आणि इतकी सारखी आहेत की जननपेशी बनताना गुणसूत्रं तुकड्यांची अदलाबदल करतात (तिच्याबद्दल पुढे सांगतो) तेव्हा कधीकधी चुकीच्या जागी जुळतात. मग एका गुणसूत्रावर जास्तीची प्रत जाते आणि दुसऱ्यावरची हरवते. लाल-हिरव्या रंगांधत्वाचं हे एक नेहमीचं कारण आहे. ज्या खोडीमुळे आपल्याला तिसरा रंग मिळाला, तीच खोडी काहींचा तो रंग काढूनही घेते.

आणि उड्या मारणारी जनुकं! बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९४० च्या दशकात मक्याच्या दाण्यांवरचे ठिपके बघत बघत ओळखलं की डीएनएचे काही तुकडे जागा बदलतात. या कामाला नोबेल मिळालं १९८३ मध्ये, त्या ८१ वर्षांच्या असताना. माणसाच्या डीएनएचा ४५ टक्क्यांच्या आसपास भाग अशा तुकड्यांचा किंवा त्यांच्या अवशेषांचा आहे. मेंडेलचा सुरकुतलेला वाटाणा सगळ्यांनी शाळेत पाहिला आहे, पण तो सुरकुततो का? स्टार्चला फांद्या फोडणाऱ्या एन्झाइमच्या जनुकात सुमारे ८०० अक्षरांचा असा एक उडता तुकडा येऊन बसला आहे, म्हणून. हे १९९० मध्ये कळलं. स्टार्च नीट बनत नाही, साखर साठते, साखरेमुळे दाण्यात पाणी जास्त येतं आणि वाळताना साल आकसते. इंग्लंडमधल्या काळ्या पडलेल्या पतंगांची गोष्टही तीच. त्यांच्या कॉर्टेक्स नावाच्या जनुकात २० हजारांहून अधिक अक्षरांचा उडता तुकडा सापडला, २०१६ मध्ये. तो १८१९ च्या आसपास घुसला असावा असा हिशेब लागतो.

आता दुसरी वाट, म्हणजे तुमच्या भावंडांच्या प्रश्नाचं थेट उत्तर.

जननपेशी तयार होताना अर्धसूत्री विभाजन होतं. माणसात गुणसूत्रांच्या २३ जोड्या, प्रत्येक जोडीत एक आईकडून आलेलं आणि एक वडिलांकडून. प्रत्येक जननपेशीत जोडीतलं एकच जातं, आणि एका जोडीची निवड दुसऱ्या जोडीवर अवलंबून नसते. २ चा २३ वेळा गुणाकार करा: ८३,८८,६०८. जवळजवळ चौऱ्यांशी लाख! आकडा कानाला ओळखीचा वाटला तरी हा निव्वळ गणिताचा योगायोग आहे. एका व्यक्तीकडून इतक्या तऱ्हेच्या जननपेशी शक्य, आणि आईवडील दोघांचा मेळ धरला तर ७० लाख कोटींहून अधिक जुळण्या.

आणि हा हिशेब फारच तोकडा आहे. गुणसूत्रं वेगळी होण्याआधी जोडीतली दोघं एकमेकांना बिलगतात आणि तुकड्यांची अदलाबदल करतात. यासाठी पेशी स्वतःहून आपला डीएनए तोडते. एरवी डीएनए तुटणं म्हणजे पेशीसाठी आणीबाणी, पण इथे स्पो-११ नावाचं प्रथिन ठरवून, शेकडो ठिकाणी, दोन्ही धागे कापतं आणि मग जोडीदाराचा मजकूर समोर धरून ते सांधले जातात. यातले थोडेच सांधे पूर्ण अदलाबदलीत संपतात. माणसाच्या शुक्राणूत सरासरी २६ च्या आसपास, अंडपेशीत ४० च्या वर. म्हणजे तुम्ही मुलाला जे गुणसूत्र देता ते तुमच्या आईचंही नसतं आणि वडिलांचंही नसतं. दोघांचे तुकडे जोडून झालेलं ते नवंच गुणसूत्र असतं, यापूर्वी कोणाकडेही नसलेलं.

म्हणून सख्खी भावंडं सरासरी निम्मा वाटा सारखा घेतात खरी, पण सरासरीनेच. हजारो जोड्या मोजल्या तेव्हा हा वाटा ३७ टक्क्यांपासून ६२ टक्क्यांच्या जवळपास पसरलेला दिसला. 'हा अगदी वेगळाच निघाला' असं एखाद्या मुलाबद्दल म्हणतात, त्याला जनुकांत जागा आहे.

शेतात हे कसं दिसतं ते सांगतो. दोन शुद्ध वाणांचा संकर केला की पहिली पिढी, एफ-१, एकजात सारखी येते, कवायतीला उभी केल्यासारखी. तिचं बी पेरलं की एफ-२. त्या शेतात पाऊल टाकताना मला आजही तसंच वाटतं जसं पहिल्या वर्षी वाटलं होतं. उंच, बुटकी, लवकर फुललेली, फुलायची वाट पाहणारी, पसरट, उभट, एकाशेजारी एक. किरण नाहीत, रसायन नाही, आणि या फरकांमागे नवं अक्षर जवळजवळ एकही नाही. दोन वाणांकडे होतं तेच सगळं, फक्त पिसलेलं.

आणि त्यात अधूनमधून असं रोप सापडतं जे दोन्ही पालकांच्या पलीकडे गेलेलं असतं. दोन मध्यम उंचीच्या वाणांतून त्या दोघांहून उंच. नवशिक्या मदतनिसाला वाटतं की बाहेरचं बी मिसळलं. खरं कारण साधं आहे. उंची ठरवणारी जनुकं पुष्कळ. एका वाणाकडे उंची वाढवणाऱ्या प्रती काही जागी होत्या, दुसऱ्याकडे वेगळ्या जागी. या रोपाला दोन्हीकडच्या वाढवणाऱ्या प्रती मिळाल्या. त्याच शेतात दोघांहून बुटकंही एखादं असतंच. आम्हाला हवं असतं ते बहुधा या टोकांवर.

अडचणही इथेच येते. अदलाबदल गुणसूत्रावर सगळीकडे सारखी होत नाही. गहू-सातूसारख्या पिकांत ती मुख्यतः गुणसूत्राच्या टोकांकडे होते, मधला मोठा पट्टा पिढ्यान्पिढ्या जवळजवळ अखंड राहतो. रोगप्रतिकारक जनुक त्या पट्ट्यात असेल आणि त्याला खेटून कमी उत्पन्नाचं जनुक बसलं असेल, तर दोघं हातात हात घालून येतात. अशी एक जोडी फोडायला माझी कितीतरी वर्षं गेली आहेत. एवढं नक्की, की 'सगळी जनुकं स्वतंत्रपणे वाटली जातात' हे वाक्य शाळेपुरतं ठीक आहे.

एक ऐतिहासिक गोष्ट इथे सांगायलाच हवी. डार्विनकडे निवडीचा सिद्धांत होता, पण वेगळेपणा टिकतो कसा याचं उत्तर नव्हतं. त्या काळी समजूत अशी की आईबापांचे गुण रंगांसारखे मिसळतात. फ्लीमिंग जेन्किन या अभियंत्याने १८६७ मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं: मिसळत असतील तर कोणताही नवा गुण काही पिढ्यांत फिका पडून नाहीसा होईल. आक्षेप बिनतोड होता. उत्तर मेंडेलच्या १८६६ च्या निबंधात होतं, पण १९०० पर्यंत त्याकडे कोणाचं फारसं लक्ष गेलं नाही. जनुकं मिसळत नाहीत, ती अख्खी राहतात, झाकली गेली तरी पुसली जात नाहीत. हार्डी आणि वाइनबर्ग यांनी १९०८ मध्ये स्वतंत्रपणे दाखवलं की निवड, स्थलांतर, उत्परिवर्तन वगैरे बाहेरचं काही नसेल आणि समुदाय मोठा असेल, तर नुसत्या पिसण्याने पत्त्यांचं प्रमाण बदलत नाही. क्वचित घडणाऱ्या बदलांतून एवढा साठा जमतो तो यामुळे: आवक थेंबाथेंबाने, पण भांडं गळत नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. गरज पडली की बदल घडतो का?

याचा सगळ्यात सुंदर निवाडा १९४३ मध्ये साल्व्हाडोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी दिला. जीवाणूंवर विषाणू सोडले की बहुतेक मरतात, काही थोडे तगतात. ते तगणारे विषाणू भेटल्यावर बदलले, की आधीच बदललेले होते? त्यांनी थोड्या थोड्या जीवाणूंपासून पुष्कळ वेगवेगळ्या नळ्या वाढवल्या आणि मग प्रत्येक नळीतले जीवाणू विषाणूंच्या थरावर पसरले. विषाणूमुळे बदल होत असेल तर तो सगळ्यांना एकाच वेळी, सारख्याच शक्यतेने होईल, आणि प्रत्येक ताटलीत तगलेल्यांची संख्या थोड्याफार फरकाने सारखी येईल. पण बदल आधीच, वाढीच्या काळात आपोआप होत असेल, तर ज्या नळीत तो लवकर झाला तिथे त्याची शेकडो पिल्लं असतील, आणि जिथे झालाच नाही तिथे शून्य. निकाल दुसऱ्या तऱ्हेचा आला. बऱ्याच ताटल्या रिकाम्या आणि एखादीत वसाहतींची गर्दी. १९५२ मध्ये जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांनी मखमलीच्या कापडाने जीवाणूंच्या वसाहतींचे ठसे उचलून हेच आणखी थेट दाखवलं. प्रतिजैविक कधी भेटलेलंच नसलेल्या मूळ ताटलीतही प्रतिकार करणारे जीवाणू आधीपासून होते.

तेव्हा प्रतिजैविक जीवाणूंना प्रतिकार शिकवत नाही. ते बाकीच्यांना मारून, आधीच वेगळा असलेल्याला मैदान मोकळं करून देतं. एक भर मात्र प्रामाणिकपणे घालायला हवी. डीएनएला मोठी इजा झाली की काही जीवाणू घाईची, चुका करणारी नक्कल-यंत्रणा चालू करतात आणि बदलांचा वेग वाढतो. वेग वाढतो, दिशा मिळत नाही.

शिवाय जीवाणूंकडे एक तिसरी वाट आहे, उसनवारीची. फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी १९२८ मध्ये पाहिलं की मेलेल्या घातक जीवाणूंच्या सान्निध्यात निरुपद्रवी जीवाणू घातक होतात. हा बदल घडवणारा पदार्थ डीएनए होता हे १९४४ मध्ये ॲव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी सिद्ध केलं. जीवाणू डीएनए उचलतात, एकमेकांना जोडनळीतून देतात, विषाणूंमार्फतही तो पोहोचतो. प्लाझमिड, म्हणजे गुणसूत्राबाहेरचा डीएनएचा लहानसा गोल तुकडा. अशा एकाच प्लाझमिडवर चार-पाच औषधांविरुद्धची जनुकं असू शकतात, आणि ती एका झटक्यात दुसऱ्या जातीच्या जीवाणूकडे जातात. त्यामुळे रुग्णालयांत प्रतिकार ज्या वेगाने पसरतो तो नुसत्या उत्परिवर्तनाच्या हिशेबात बसत नाही.

बदल आपोआप होतो, पण त्यातून नवं कौशल्य कसं उगवतं, हे पाहायचं असेल तर रिचर्ड लेन्स्की यांचा प्रयोग पाहा. २४ फेब्रुवारी १९८८ ला त्यांनी एकाच पूर्वजापासून ई. कोलाय या आतड्यात राहणाऱ्या जीवाणूचे १२ चंबू सुरू केले आणि रोज थोडा भाग नव्या खाद्यात टाकत नेला. त्या खाद्यात सायट्रेट होतं, पण प्राणवायू असताना ई. कोलाय ते आत घेऊ शकत नाही. ३१ हजारांहून अधिक पिढ्यांनी, एका चंबूत, ते घेणारे जीवाणू आढळले. अकरा चंबूंत नाही. सायट्रेट सगळ्यांसमोर सारखंच होतं आणि गरजही सगळ्यांना सारखीच. त्या एका चंबूत घडलं ते असं: सायट्रेट आत आणणारं जनुक त्यांच्याकडे आधीपासून होतं, पण प्राणवायू असताना बंद. तो तुकडा चुकून दुबार झाला आणि नवी प्रत डीएनएमधल्या अशा बटणाशेजारी जाऊन बसली जे प्राणवायूतही चालू असतं. वर सांगितलेलीच घटना, दुबार प्रत. आणि गोठवून ठेवलेल्या जुन्या पिढ्या पुन्हा वाढवून पाहिल्यावर कळलं की आधी झालेल्या काही बदलांनी जमीन तयार केल्याशिवाय हे जमत नव्हतं.

वनस्पतींमध्ये आणखी एक गोष्ट घडते, जी प्राण्यांत क्वचितच तगते: अख्ख्या संचाचं दुप्पट होणं. पोळी-पावाच्या गव्हात ४२ गुणसूत्रं, तीन वेगवेगळ्या गवतांचे मिळून सहा संच. भुईमुगात ४०, दोन जंगली जातींची प्रत्येकी २०. दोन दूरच्या जातींचा संकर सहसा वांझ असतो, कारण अर्धसूत्री विभाजनात गुणसूत्रांना जोडीदार मिळत नाही. चुकून संच दुप्पट झाला की प्रत्येकाला जोडीदार मिळतो आणि एका पिढीत नवी जात उभी राहते.

पण तिची एक किंमत असते, आणि माझ्या कामाचा मोठा भाग तिथेच गेला. भुईमुगाचा संच दुप्पट झाला तो बहुधा एखाद्याच घटनेत. तो झाल्यावर जंगली नातलगांशी त्याचा सहज संकर होईना. म्हणजे पिसायला मिळाले ते त्या पहिल्या एक-दोन रोपांत होते तेवढेच पत्ते. शेंगा, दाणे, पसारा यांत फरक डोळ्यांना भरपूर दिसतो, पण डीएनए वाचला की वाण एकमेकांच्या फार जवळचे निघतात. पानांवरचे टिक्का आणि तांबेरा हे रोग किंवा मुळांवरची सूत्रकृमी यांना तोंड देणारी जनुकं लागवडीच्या वाणांत शोधून दमलो की ॲरॅकिस कार्डेनासी या भुईमुगाच्या जंगली नातलग जातीकडे जावं लागतं. तिची गुणसूत्रं २०, आपल्या वाणाची ४०. संकरात येतात ३०, आणि रोप वांझ. मग कोंबाला कोल्चिसिन हे रसायन लावून संच दुप्पट करायचा, म्हणजे ६०. हे रोप बी देतं. त्याचा लागवडीच्या वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करत जायचं. गुणसूत्रं गळत गळत ४० वर येतात, आणि त्या चाळिसांत कुठे तरी, नशीब असेल तर, जंगली तुकडा अदलाबदलीने सांधला गेलेला असतो. पहिल्या संकरापासून तिथवर पोहोचायला आठ-दहा वर्षं सहज जातात. रोग मुद्दाम पसरवलेल्या वाफ्यात एक रोप हिरवं उभं राहतं, तेव्हा आपण त्याच्यावर खुणेची चिठ्ठी बांधतो आणि त्याचं बी वेगळं काढतो. पुढच्या हंगामात पेरायला.